आठव्या दिवशी कोण येणार?

माझ्या आजीच्या डाव्या दंडावर देवीच्या दोन वाटोळ्या खुणा होत्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे ती आम्हा नातवंडांना ओळीने पाटावर बसवी, चोळीची बाही वर सरकवून तेल चोळायला घेई आणि समईच्या उजेडात त्या खुणा चकाकत. "आजी, हे काय ग?" असे आम्ही दरवर्षी विचारीत असू आणि दरवर्षी ती तेच उत्तर देई, "ही सरकारची सही!"

त्या सहीची हकीकत अशी. सिन्नर तालुक्यातल्या तिच्या माहेरी देवीचा डॉक्टर आला, की आया आपापल्या मुलांना लपवीत. आजीला तिच्या आईने बाजरीच्या कणगीत लपवले होते. आत ती शिंकली आणि सापडली. टोचून झाल्यावर तिच्या आईने त्या डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माणसाने तो मुकाट्याने ऐकून घेतला आणि आठव्या दिवशी तो पुन्हा दारात हजर! कशासाठी? तर देवी उठली की नाही, पोरीला ताप किती आला, जखम चिघळली तर नाही ना, हे पाहण्यासाठी. त्या दिवशी मात्र त्याला ओसरीवर बसवून गूळपाणी मिळाले. "टोचायला काय, सगळेच येतात रे, आठव्या दिवशी येतो तो खरा," असे आजी म्हणत असे.

चकलीच्या आणि अनारशाच्या ताटाशेजारी मी ही दवाखान्याची गोष्ट काढून बसलो, याबद्दल वाचकांनी, आणि विशेषेकरून घरातल्या सुगरणींनी, क्षमा करावी. परंतु टोचून घेणारा दंड हा कुणा ना कुणाच्या घरातलाच असतो. तो दिल्लीत नसतो आणि मंत्रालयातही नसतो. तेव्हा घरच्या अंकात घरच्या दंडाची चौकशी केली तर बिघडले कुठे? माझी तक्रार एवढीच आहे, की आठव्या दिवशी येणारा तो माणूस आपल्या राज्यकारभारातून नाहीसा झाला आहे. टोचणारे उरले आहेत, मोजणारे तर उदंड झाले आहेत. विचारपूस करणारा मात्र उरलेला नाही.

एक गोष्ट आधीच साफ सांगून टाकतो, नाहीतर लेख अर्धा वाचून कोणी मला लसविरोधकांच्या पंगतीला नेऊन बसवील. मी त्यातला नव्हे. आपल्या देशात देवीची लागण झालेला शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला. पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत सापडला. हे नवसाने झाले नाही, अंगाऱ्याने झाले नाही, लशीने झाले. करोनाच्या लशीच्या सगळ्या मात्रा मी स्वतः रांगेत उभे राहून घेतल्या आहेत. माझा प्रश्न लशीला नाही, लस देणाऱ्याला आहे. आणि तो केवळ लशीपुरताही नाही, हे सांगायला मला आधी आमच्या कथड्यात यावे लागते.

नाशिककरांना २१ एप्रिल २०२१ ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. त्या दिवशी रामनवमी होती. काळारामाची दारे साथीमुळे भक्तांना बंद होती आणि पंचवटीत चिटपाखरू नव्हते. गर्दी होती ती कथड्यातल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात. महापालिकेच्या या रुग्णालयात तेव्हा करोनाचे दीडशेच्या आसपास रोगी होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास आवारातल्या प्राणवायूच्या टाकीला, ती भरली जात असताना, गळती लागली. पांढऱ्या वाफेचे लोट आवारभर पसरले आणि वरच्या मजल्यांवर नळ्यांतला दाब उतरू लागला. नातेवाईक मिळेल तो सिलिंडर ओढीत खाटेपर्यंत नेत होते. ज्याचा माणूस गेला त्याच्या उशाचा सिलिंडर काढून दुसरा आपल्या माणसाला लावीत होता. यात कोणी कोणाला दोष द्यायचा? त्या दुपारी २२ माणसे गेली; पुढे आकडा २४ वर गेला.

पुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली. राज्य सरकारने पाच लाख आणि महापालिकेने पाच लाख जाहीर केले. पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. कोणाविरुद्ध? अज्ञात व्यक्तींविरुद्ध! रुग्णालय महापालिकेचे, आवार महापालिकेचे, टाकीचा करार महापालिकेचा, आणि गुन्हेगार तेवढा अज्ञात! रात्री अंधारात कोणी परका येऊन टाकीला भोक पाडून गेला असता, तर हा शब्द शोभला असता.

तरीही मी म्हणेन, की हेही समजून घेता येते. साथीचे दिवस होते, सगळेच थकलेले होते, चूक कोणाकडूनही होते. चूक झाल्याचा माझा राग नाही. माझा राग सुरू होतो तो तीन महिन्यांनी, २० जुलै २०२१ रोजी. त्या दिवशी राज्यसभेत केंद्र सरकारने लेखी उत्तर दिले, की प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याची खास नोंद कोणत्याही राज्याने किंवा केंद्रशासित प्रदेशाने कळवलेली नाही. हे उत्तर देणाऱ्या आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार या आमच्याच जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. दिंडोरीहून निघालेला माणूस तासाभराच्या आत कथड्याला पोचतो. आता, उत्तरातला शब्दन् शब्द नियमाने बरोबर असेल: आरोग्य हा राज्याचा विषय, आकडे राज्याने कळवायचे, राज्याने कळवले नाहीत, म्हणून केंद्राकडे नाहीत. मग राज्याने का कळवले नाहीत? तर लगेच दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही सांगून टाकले, की महाराष्ट्रात प्राणवायूच्या तुटवड्याने कोणी मेलेले नाही. दिल्लीत एका पक्षाचे सरकार, मुंबईत त्याच्या विरोधकांचे. एरवी सूर्य पूर्वेला उगवतो यावरही या दोघांचे एकमत झाले नसते. ते नेमके एवढ्या एका बाबतीत झाले!

कोणी चतुर कारकून म्हणेल, की नाशिकला तुटवडा नव्हताच, गळती होती, आणि गळती म्हणजे अपघात. तेव्हा हे मृत्यू त्या रकान्यात बसत नाहीत. उत्तम. मग ते कोणत्या रकान्यात बसतात तेवढे सांगा. ज्याच्या नाकातली नळी कोरडी पडली त्याला तुटवडा आणि गळती यांतला फरक कळण्याइतका वेळ मिळाला नाही.

बरोबर सहा महिन्यांनी, २१ ऑक्टोबर २०२१ रोजी, देशात लशीच्या १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या. कर्तृत्व खरोखरच मोठे होते, ते मी नाकारीत नाही. डोंगरदऱ्यांत खोके खांद्यावर घेऊन चालणाऱ्या परिचारिकांचे आणि आशाताईंचे ते कर्तृत्व होते. त्या रात्री देशातल्या १०० ऐतिहासिक वास्तू तिरंग्याच्या रंगांनी उजळल्या. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. आमच्या कथड्यातल्या चोवीस घरांत त्या वर्षी आकाशकंदील लागला असेल की नाही, हे विचारायला मात्र कोणी गेले असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि ही लस लोकांपर्यंत कशी आली, तेही विसरू नये. १ मे २०२१ पासून केंद्राने अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांची जबाबदारी राज्यांवर आणि खासगी रुग्णालयांवर टाकली. एकाच बाटलीचे भाव तीन: केंद्राला एक, राज्याला दुसरा, खासगी रुग्णालयाला तिसरा! अर्थसंकल्पात लशीसाठी ३५,००० कोटी रुपये ठेवलेले होते. ते असताना हा बाजार कशासाठी, असे सर्वोच्च न्यायालयानेच विचारले आणि हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक आहे असे म्हटले, तेव्हा कुठे ७ जूनला ते मागे घेतल्याची घोषणा झाली. मधल्या त्या पाच आठवड्यांत मी एका केंद्रावर दुसऱ्या मात्रेसाठी तीन पहाटा उभा होतो. तिसऱ्या पहाटे फाटकावर खडूने लिहिलेले होते, "लस शिल्लक नाही. चौकशी करू नये." यातले पहिले वाक्य मी समजू शकतो.

लस नव्हती तेव्हा ही तऱ्हा. लस मुबलक झाल्यावर तऱ्हा उलटली. २०२१ च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हुकूम निघाला, की लशीची एकही मात्रा न घेतलेल्याला पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. मुंबईत दोन मात्रा नसणाऱ्याला लोकलचे दार बंद होतेच. २७ नोव्हेंबरला राज्य सरकारने सबंध महाराष्ट्रासाठी आदेश काढला, की दुकान, मॉल, समारंभ, सार्वजनिक वाहन या सर्व ठिकाणी पूर्ण लस घेतलेल्यालाच प्रवेश. साथ मोठी होती. सक्तीची गरजही असेल. मी त्या वेळी सक्तीच्या बाजूने वाद घातलेला आहे, हे कबूल करतो.

परंतु पुढे काय झाले? दोन तरुण मुली लस घेतल्यानंतर वारल्या होत्या. त्यांचे आईबाप सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांनी मागितले काय? स्वतंत्र चौकशी आणि भरपाई. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने शपथपत्र केले. सहानुभूती व्यक्त केली आणि सांगितले, की लस घेण्याची कायद्याने सक्ती नव्हती, ती ऐच्छिक होती. लस तिसऱ्याच कोणी बनवलेली आहे. तेव्हा मृत्यूबद्दल सरकारला जबाबदार धरता येणार नाही. ज्याला भरपाई हवी त्याने दिवाणी न्यायालयात जावे.

पाहा कशी गंमत आहे! पेट्रोलपंपावर सक्तीची, लोकलच्या फलाटावर सक्तीची, आणि न्यायालयाची पायरी चढली की ऐच्छिक! लस घेतल्याच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचे हसरे छायाचित्र होते; शपथपत्रावर मात्र ते नव्हते. पाठ थोपटून घ्यायच्या वेळी "आम्ही दिली", आणि जाब द्यायच्या वेळी "तुम्ही घेतली". एकाच क्रियापदाचा कर्ता सोयीप्रमाणे बदलण्याचे हे व्याकरण आम्हाला शाळेत कोणी शिकवले नव्हते.

ऐच्छिक होती म्हणून जबाबदारी नाही, हा न्याय क्षणभर मान्य करू. मग रेल्वेचे तिकीट काय सक्तीचे असते? मनमाडहून मुंबईला जा असे कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवून सांगत नाही. तरी गाडीला अपघात झाला तर दोष कोणाचा हे न विचारता रेल्वे भरपाई देते; कायदाच तसा आहे. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया तरी ऐच्छिकच ना? ती करताना बाई दगावली तर सरकार घरच्यांना पैसे देते. २००५ पासून तशी योजना आहे. म्हणजे ऐच्छिक गोष्टीचीही जबाबदारी घेता येते, हे याच सरकारला, याच आरोग्य खात्याला, चांगले माहीत आहे. जर्मनीने लशीच्या इजेसाठी भरपाईचा कायदा १९६१ मध्ये केला, ब्रिटनने १९७९ मध्ये. त्या देशांतल्या लोकांनी म्हणून लस घेणे सोडून दिले नाही. लाखांत एखाद्यालाच बाधा होते असे सांगता ना? मग त्या एकाचे घर सावरायला तिजोरीचे तोंड किती उघडावे लागणार होते? १६ जानेवारी २०२१ रोजी पहिली सुई टोचली त्याच दिवशी हे जाहीर करायला हवे होते; न्यायालयाच्या दारापर्यंत कोणा आईबापाला चालवायला नको होते.

यावर सज्जन मंडळींचा एक आक्षेप नेहमीचा असतो, आणि तो प्रामाणिक असतो म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, "अहो, लशीच्या दुष्परिणामांची अशी उघड चर्चा केली तर अडाणी लोक घाबरतील, लस घेणार नाहीत, साथ पसरेल." या मंडळींना मी एक जुनी गोष्ट सांगतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हळूहळू तो आपल्या जिल्ह्यातही पसरला. इथल्या भगूरचे दामोदरपंत सावरकर १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. अशी किती घरे बसली! वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला लाखो मात्रा तयार होऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली, आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. बाटलीवर क्रमांक होता, म्हणून ते कळले.

चौकशी आयोग बसला. त्याने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन निलंबित झाला. तो निष्कर्ष चुकीचा होता! बाटलीचे बूच उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता; दोष परळचा नव्हता. हे उमगले कसे? चौकशीचे कागद प्रसिद्ध झाले तेव्हा. ते वाचून रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून उघड लिहिले, आणि हाफकिनवरचा डाग पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्याचेच नाव दिले गेले. आज मुंबईला गेलात तर पाटी पाहा.

परकीय सरकार होते. त्याच्या गुणांचे पोवाडे गायचे मला कारण नाही. १८९७ चा साथरोग कायदा त्याचाच. त्याच कायद्याच्या आधाराने पुण्यात घराघरांत सोजीर घुसले, आणि सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही हे कलमही त्यातलेच. २०२० मध्ये करोना आला तेव्हा आपण तोच कायदा फडताळातून काढून झटकून वापरला, म्हणजे कलम जपून ठेवले. जपायची होती ती बाटलीवरच्या क्रमांकाची आणि छापलेल्या कागदाची रीत. लोक कागदाने घाबरत नाहीत. झाकलेल्या कागदाने घाबरतात. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत लशीनंतरच्या दुष्परिणामांची छाननी करणारी समिती असते. हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ती माहीत आहे? तिने तपासलेल्या एखाद्या प्रकरणाचा निर्णय तुम्ही गावच्या फलकावर कधी वाचला आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात सरकारचे लसधोरण योग्यच ठरवले. पण त्याच निकालात सांगितले, की कोणावर लशीची जबरदस्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांचे अहवाल लोकांसमोर ठेवा. दुसरा अर्धा भाग सांगायला न्यायालय लागावे, यातच सगळे आले.

झाकाझाकीने काय होते ते आपण घरच्या घरी पाहिले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि आपल्या मालेगावात गोवर उसळला. लगेच ओरड झाली: तिथले आईबापच तसले, लस टोचू देत नाहीत. काही देत नव्हते, हे खरे आहे. परंतु साथीच्या दोन वर्षांत बाळांच्या नेहमीच्या लशी मागे पडल्या, तेव्हा केंद्रांची सगळी माणसे करोनाला जुंपलेली होती. ती कोणी जुंपली? आणि ज्या वस्तीत सरकारचा माणूस एक तर सुई घेऊन येतो, नाही तर काठी घेऊन, त्या वस्तीने त्याला पहिल्याच हाकेला दार उघडावे अशी अपेक्षा तरी कशी करायची?

जबाबदारी खाली ढकलण्याची कला तर आपल्याकडे पूर्णत्वाला गेली आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने वाचली. कारवाई कोणावर? केंद्रावर हजर असलेल्या तिघांवर. ती झाली हे योग्यच. पण त्या बूथवर दोन्ही बाटल्या एकाच टेबलावर कशा आल्या, त्या माणसांना शिकवले कोणी आणि किती तास, त्यांच्यावर देखरेख कोणाची होती, हे प्रश्न तालुक्याच्या वर चढलेच नाहीत. आपल्याकडे श्रेय जिने चढते आणि दोष पायऱ्या उतरतो.

मला सरकारकडून सोन्याची लंका नको आहे. टाकी फुटली तर समितीचा अहवाल तिच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत महापालिकेच्या दारात टांगा. लशीनंतर कोणी दगावला तर तीस दिवसांत त्याच्या घरी लेखी उत्तर जाऊ द्या. 'लशीमुळे नाही' असे असेल तर तसे, 'लशीमुळे' असे असेल तर तसे, आणि 'कळत नाही' असे असेल तर तेही. आणि भरपाई घरपोच द्या, खटला घालायला लावून नव्हे. एवढ्याने सरकार पडत नाही. देवी काढणाऱ्या त्या फिरत्या माणसाला महिना किती पगार होता देव जाणे, पण शिव्या खाल्लेल्या दारात पुन्हा जायची त्याची तयारी होती.

परवा माझ्या सुनेने नातीला गोवराची लस टोचून आणली. घरी येताच तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत बाटलीवरचा क्रमांक लिहून ठेवला. मी विचारले, "सिस्टरने दिला का ग लगेच?" तर म्हणाली, "आधी बघतच राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, ताई, असं कोणी विचारत नाही. मग चष्मा लावून स्वतः वाचून दाखवला, आणि आपला फोन नंबरही दिला." पोरीला रात्री थोडा ताप आला, सकाळी उतरला. त्याच पानावर आठ घरे पुढे मोजून मी पेन्सिलीने एक वाटोळे काढून ठेवले आहे.